तीन तलावांची प्रदक्षिणा

रविवारीं पहांटे बोरीवली किंवा मुलुंड येथील हमरस्त्यावर उभें राहिल्यास सायकलस्वारांचे लहान लहान थवे जातांना दिसतात. त्यांत कचेरींत काम करणारे गृहस्थ असतात, महाविद्यालयांतील मुलें असतात, आणि घरच्या कामांतून सकाळचे दोन तास मोकळे करून आलेल्या स्त्रियाहि असतात. कोणी घोडबंदरची वाट धरतात, कोणी आरेच्या झाडींत शिरतात. मोटारींची गर्दी सुरू होण्यापूर्वीं मिळेल तेवढा मोकळा वारा पदरांत पाडून घ्यावा आणि जमल्यास कोठें तरी पाण्याचें दर्शन घेऊन घरीं परतावें, एवढाच त्यांचा हेतु असतो. हा हेतु अगदीं निर्दोष आहे. परंतु ह्याच निर्दोष हौशींतून आपल्या उपनगरांत एक मोठा वाद उत्पन्न झाला आणि २०२२ सालीं त्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयास द्यावा लागला. तलावाच्या कांठानें सायकलची वाट असावी कीं नसावी, हा तो वाद. त्याचें मर्म समजून घ्यावयाचें तर सुमारें पावणेदोनशें वर्षें मागें जावें लागतें.

सरोवराभोवतीं सायकलनें फिरण्याची कल्पना मुळांत नवी नाहीं. जपानांतील बिवा सरोवराला पूर्ण वळसा घालणारा मार्ग सुमारें २०० किलोमीटरांचा आहे. हौशी मंडळी वाटेंत मुक्काम करीत दोनतीन दिवसांत तो पुरा करितात. युरोपांत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड ह्या तीन देशांच्या सीमेवर बोडन सरोवर आहे. त्याची फेरी ह्याहूनहि लांब असून ती करणारा मनुष्य एकाच प्रवासांत तीन देश पाहून येतो. आपल्याकडे भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीं रतनवाडी, घाटघर, साम्रद अशीं गांवें घेत जाणारी वाट सायकलस्वारांच्या आवडीची आहे. मग मुंबईच्या उपनगरांत विहार, तुळशी आणि पवई असे तीन तलाव एकमेकांच्या शेजारीं असतां त्यांच्या कांठानें अशी वाट कां असूं नये, असें कोणासहि वाटेल.

ह्या तीन तलावांसंबंधीं पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही कीं, ते निसर्गानें दिलेले नाहींत. शहराच्या तहानेनें ते बांधविले आहेत. मुंबई बेटाला चोहोंकडून समुद्राचा वेढा; पिण्याच्या पाण्याची सारी भिस्त विहिरींवर आणि तळ्यांवर. वस्ती थोडी होती तोंपर्यंत तेवढ्यावर भागलें. पुढें व्यापार वाढला, माणसें वाढलीं, आणि १८५४ सालीं टंचाईनें अशी पराकाष्ठा गांठली कीं, शहरांतील गुरें बाहेर हलवावीं लागलीं, आणि होड्यांतून व आगगाडींतून पाणी आणून तें विहिरींत ओतावें लागलें. आगगाडी सुरू होऊन तेव्हां जेमतेम एक वर्ष झालें होतें. ज्या यंत्राचें लोकांना कौतुक वाटत होतें, त्याला एवढ्यांतच पाणक्याचें काम करावें लागलें.

ह्या अनुभवानंतर हेन्री कॉनिबेअर ह्या इंजिनियराची योजना सरकारनें हातीं घेतली. साष्टींतील मिठी नदीच्या खोऱ्यांत बांध घालून तलाव करावयाचा आणि तेथून लोखंडी नळानें शहरांत पाणी आणावयाचें, अशी ती योजना होती. १८५६ सालीं कामास आरंभ झाला आणि १८६० सालीं विहारचा तलाव पुरा झाला. विहिरींतून ओढून काढावें लागणारें पाणी आतां डोंगरांतून आपण होऊन घराकडे चालत येऊं लागलें. मुंबईच्या घरगुती जीवनांत ह्याहून मोठी क्रांति क्वचितच झाली असेल.

परंतु शहराची तहान एका तलावानें भागणारी नव्हती. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाच्या व्यापारानें मुंबईंत पैसा आणि माणसें ह्यांचा पूर आला. १८७२ च्या सुमारास रिएंझी वॉल्टन ह्यांच्या सूचनेवरून तासो ओढ्याचें पाणी विहारकडे वळविण्यांत आलें, आणि १८७९ सालीं तुळशीचें धरण उभें राहिलें. तरीहि पुरवठा अपुरा पडूं लागला. दूर तानसा नदीवर मोठ्या धरणाचें काम चालू होतें. तें पुरें होईपर्यंत पाऊस दगा देईल कीं काय, ही धास्ती होती. त्या धास्तीपोटीं १८८९ सालीं पवईचें काम घाईघाईनें हातीं घेण्यांत आलें आणि १८९१ सालीं तो तलाव तयार झाला.

पवईचें खोरें त्यापूर्वीं निर्जन होतें असें मात्र नव्हे. फ्रामजी कावसजी बनाजी ह्या पारशी गृहस्थांनीं तेथील विस्तीर्ण जमीन कंपनी सरकारापासून घेतली होती आणि ऊंस, तुती, आंबे ह्यांची लागवड करून तिचा बगीचा बनविला होता. १८३८ सालीं ह्याच पवईचे आंबे त्यांनीं बोटीनें विलायतेस व्हिक्टोरिया राणीकडे धाडले होते. आज जेथें पाणी दिसतें त्या खोऱ्याचा पूर्वेतिहास असा आंब्यांच्या वासाचा आहे.

पवई तयार झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८९२ सालीं, तानसाचें पाणी मुंबईंत आलें. येथून तिन्ही तलावांच्या नशिबाच्या वाटा निराळ्या होतात, आणि माझ्या मतें आपल्या विषयाची किल्ली येथेंच आहे. विहार आणि तुळशी ह्यांचें पाणी शहर पीत राहिलें, आजहि पितें. मुंबईच्या एकूण पुरवठ्यांत त्यांचा वाटा अगदीं लहान उरला आहे, तरी तें पाणी पिण्याचें आहे ही गोष्ट बदललेली नाहीं. पिण्याच्या पाण्यावर पहारा असतो. ज्या डोंगरांवरून पावसाचें पाणी ह्या तलावांत उतरतें ते डोंगर राखून ठेवण्यांत आले, तेथें घरें आणि कारखाने येऊं दिले गेले नाहींत, आणि ती राखलेली झाडीच पुढें बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा बनली. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या अरण्यांत बिबळे नांदतात, आणि वारल्यांचे पाडेहि आहेत. कोट्यवधि माणसांच्या शहराच्या पोटांत असें अरण्य उरलें ह्याचें आपण कौतुक करितों. परंतु त्याचें पुष्कळसें श्रेय आपल्या आजोबापणजोबांच्या तहानेला आहे, हें विसरतों.

पवईची कथा उलट आहे. तिचें पाणी पिण्याच्या दृष्टीनें कमी प्रतीचें ठरलें आणि तानसा आल्यावर त्याची निकडहि राहिली नाहीं. तें कारखान्यांना आणि इतर कामांना देण्यांत येऊं लागलें. पिणारा गेला, तसा पहाराहि गेला. १९५८ सालीं स्थापन झालेल्या तंत्रविद्येच्या प्रसिद्ध संस्थेनें, म्हणजे आय. आय. टी.नें, ह्या तलावाच्या कांठीं आपलें विद्यापीठनगर वसविलें. तिच्या आवारांत पद्मावती देवीचें जुनें देऊळ आहे. सभोंवतीं कारखाने आले, मग उंच इमारती आल्या. सांडपाणी तलावांत उतरूं लागलें, गाळ सांचला, जलपर्णीचे हिरवे गालिचे पाण्यावर पसरले. तरीहि पवईंत जीव आहे. थंडीच्या दिवसांत पक्षी येतात, मासे आहेत, आणि कांठावर ऊन खात पडलेल्या मगरी अजून दिसतात. घरासमोर एवढ्या मोठ्या शहराची वर्दळ चालू असतां त्या मगरींनीं आपला मुक्काम सोडलेला नाहीं, ह्याचें नवल वाटतें.

आतां सायकलकडे वळूं. पवईचा बांध उभा राहात होता, त्याच दशकांत इंग्लंडांत आजच्या घडणीची सायकल जन्मास आली. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली ह्यानें सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि मागील चाकाला सांखळीनें गति देणारी सायकल बाजारांत आणली. १८८८ सालीं डनलॉप ह्यानें हवा भरलेलें रबरी टायर काढलें. पुढें आपल्याकडे ह्या वाहनाचा केवढा प्रसार झाला तें सांगावयास नको. मुंबईच्या तरुणांनीं तर त्यावर बसून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९२३ च्या ऑक्टोबरांत कांहीं पारशी तरुण मुंबईहून निघाले. त्यांच्यापैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून १९२८ च्या मार्चमध्यें परत आले. त्यांच्या साहसाचें वर्णन करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ह्या तिघांनीं सगळ्या पृथ्वीला वळसा घातला, पण त्यासाठीं कोणाला नवा रस्ता बांधावा लागला नाहीं. जशी वाट मिळाली तशी त्यांनीं घेतली. सायकलचा खरा मोठेपणा ह्यांत आहे. ती थोडी जागा घेते, धूर सोडीत नाहीं, आणि गेल्यावर मागें कांहीं ठेवीत नाहीं.

आणि नेमक्या ह्याच गुणाला सोडून पवईची योजना आंखली गेली. २०२१ सालीं मुंबई महानगरपालिकेनें पवई तलावाभोवतीं सायकल चालविण्यासाठीं आणि पळण्याच्या व्यायामासाठीं सुमारें १० किलोमीटरांचा मार्ग बांधावयास घेतला. तारेच्या जाळ्यांत दगड भरून त्यांच्या पेट्या कांठाला रचावयाच्या आणि त्यांवरून मार्ग न्यावयाचा, अशी रचना होती. दगडांच्या फटींतून पाणी खेळतें राहील, असें पालिकेचें म्हणणें होतें. आय. आय. टी.तील संशोधक विद्यार्थी आणि निसर्गरक्षणाचें काम करणारी मंडळी ह्यांनीं न्यायालयांत धांव घेतली. तलावाचा उथळ कांठ म्हणजेच पक्ष्यांचें अन्न, माशांचीं अंडीं आणि मगरींची ऊन खाण्याची जागा. तोच बुजविला तर उरेल तें केवळ पाण्याचें भांडें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तलाव मनुष्यनिर्मित असल्यामुळें पाणथळ जागांचे नियम त्याला लागू होत नाहींत, असा मुद्दा पालिकेतर्फें मांडण्यांत आला. ६ मे २०२२ रोजीं उच्च न्यायालयानें निकाल दिला. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे २०१७ चे नियम तलावाच्या पूररेषेपासून ५० मीटरांच्या आंत कायम स्वरूपाच्या बांधकामास मनाई करितात; तेव्हां हें काम बेकायदा आहे, तें थांबवावें, झालेलें बांधकाम काढून टाकावें आणि जागा पूर्ववत् करावी, असा त्या निकालाचा सारांश आहे.

हा निकाल ऐकून कांहीं सायकलप्रेमी मंडळी हिरमुसलीं. त्यांची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. उपनगरांत मोकळी जागा फार थोडी. लहान मुलाला निर्भयपणें सायकल शिकवावी अशी गल्लीहि सांपडत नाहीं. शिवाय, लोक तलावाच्या कांठापर्यंत पोंचले तरच त्यांना त्याचें प्रेम वाटेल आणि ते त्याची काळजी घेतील, असाहि त्यांचा एक युक्तिवाद आहे. तो तिरस्करणीय नाहीं. परंतु त्याची परीक्षा पाहावयाची तर बिवा सरोवराकडेच पुन्हां एकवार पाहिलें पाहिजे.

बिवा आणि मुंबईचे तलाव ह्यांत एक साम्य आहे. पवईचें काम चालू असतांच, १८९० सालीं, बिवाचें पाणी डोंगरांतून बोगदे खणून क्योतो शहराकडे नेणारा कालवा पुरा झाला. म्हणजे दोन्हीकडे सरोवराचें शहराशीं नातें तहानेनें जोडलें. परंतु बिवा सुमारें ६७० चौरस किलोमीटरांचें. पवई बांधली तेव्हां सुमारें दोन चौरस किलोमीटरांची. सागरासारख्या सरोवराच्या कांठीं जी वाट नुसती रेघ ठरते, ती लहान तलावाच्या कांठीं गळफांस ठरूं शकते. दुसरी गोष्ट क्रमाची. १९७७ सालीं बिवाच्या पाण्यावर सूक्ष्म जीवांची तांबूस साय पसरली आणि दुर्गंधि सुटली. धुण्याच्या कृत्रिम भुकटींतील फॉस्फरस हें त्याचें एक कारण आहे असें कळतांच तेथील गृहिणींनीं ती भुकटी टाकून साधा साबण वापरण्याची चळवळ उभारली, आणि १९७९ सालीं तेथील प्रांतानें फॉस्फरसयुक्त भुकटीच्या वापराला बंदी करणारा कायदा संमत केला. सरोवराभोवतींच्या सायकलमार्गाला जपान सरकारनें राष्ट्रीय मार्ग म्हणून मान्यता दिली ती २०१९ सालीं, म्हणजे ४० वर्षांनंतर. आधीं पाणी, मग वाट. त्यांचें प्रेम कांठापर्यंत पोंचण्यापूर्वीं स्वयंपाकघरांतील मोरीपर्यंत पोंचलें होतें.

पाणी आणि सायकल ह्यांचा मेळ आपल्याकडे बसूंच शकत नाहीं, असा माझा दावा नाहीं. तानसाहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर अशा भागांतून जातात. त्यांच्या लगत ३९ किलोमीटरांचा सायकलमार्ग करण्याची योजना पालिकेनें आंखली आणि तिचा कांहीं भाग तयारहि केला. जलवाहिनीच्या बाजूची पट्टी मोकळी राहावी, नळांना धोका पोंचूं नये, हा त्यांतील उद्देश योग्य आहे. तेथें सायकलची वाट पाण्याची राखण करिते. मात्र ती पट्टी मोकळी करण्यासाठीं हजारों झोपड्या हटविण्यांत आल्या आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबांना आपलें काम आणि मुलांच्या शाळा सोडून दूर माहुलला कारखान्यांच्या धुरांत जावें लागलें, हेंहि सांगितलेंच पाहिजे. सुंदर वाटेची किंमत कोणी तरी देत असतो. ती कोण देतो, हें विचारण्याची संवय सायकलवर बसणाऱ्यानें लावून घ्यावी.

तर मग ज्याला आपल्या तलावांभोवतीं फिरावयाचें आहे त्यानें काय करावें? माझें उत्तर असें आहे कीं, त्याची प्रदक्षिणा आधींच तयार आहे. ती फक्त थोडी मोठी आहे. देवळांत आपण गाभाऱ्याबाहेरून फिरतों. मूर्तीच्या अंगाला घांसून जात नाहीं. तसेंच येथें करावें. बोरीवलीला आरंभ करावा. पहिला दिवस उद्यानांतील कान्हेरीच्या लेण्यांना द्यावा. तेथें प्रत्येक लेण्यापाशीं खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत. जुन्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलें आहे. ह्याच डोंगरांवर पडणारें पावसाचें पाणी सांठवून सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं भिक्षूंनीं उन्हाळे काढले. कॉनिबेअरनें जें केलें त्याचा पहिला धडा ह्या खडकांत आहे.

दुसऱ्या दिवशीं पहांटेच निघून दहिसर, काशीमिरा करीत घोडबंदर गांठावें. तेथें १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून जिंकून घेतलेला किल्ला आहे. पुढें डावीकडे खाडी आणि उजवीकडे येऊरचे डोंगर ठेवून ठाण्यास यावें. ठाण्याहून दक्षिणेस मुलुंड आणि भांडुप. भांडुपला शहराचें प्रचंड जलशुद्धीकरण केंद्र आहे, आणि आपण घरीं जो नळ सोडतों त्याच्या पलीकडे केवढा कारभार चालतो ह्याची तेथें कल्पना येते. कांजूरमार्गाला पश्चिमेस वळलें कीं पवई. तेथें रस्त्याच्या कडेला उतरून तलाव डोळे भरून पाहावा, आणि आरेच्या दुग्धवसाहतींतून, जी १९४९ सालीं वसविण्यांत आली, गोरेगांवास येऊन पुन्हां बोरीवलीला पोंचावें. ह्या साऱ्या फेरींत तिन्ही तलाव आणि त्यांचें अरण्य सतत आपल्या उजव्या हातास राहतें, म्हणजे प्रदक्षिणेचा नियमहि पाळला जातो. आणि एकाहि तलावाच्या कांठाला धक्का लागत नाहीं.

ही फेरी आज सुखाची आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. घोडबंदरच्या रस्त्यावर मालमोटारींची रीघ असते, आणि सायकलस्वाराला जीव मुठींत धरून जावें लागतें. खरें काम तेथें आहे. जो खर्च आणि जो उत्साह तलावाच्या कांठीं दगड रचण्यांत गेला, तो ह्या हमरस्त्यांच्या कडेला सायकलसाठीं एक सुरक्षित पट्टी राखण्यांत घातला, तर हौसेसाठीं निघणाऱ्यांचीच नव्हे, तर रोज पहांटे सायकलीवरून दूध, पाव आणि वर्तमानपत्रें घरोघर पोंचविणाऱ्यांचीहि सोय होईल.

शेवटीं ह्या प्रदक्षिणेंतील एका ठिकाणाचा उल्लेख करितों. नर्मदेची परिक्रमा करणारा यात्रेकरू नदी ओलांडीत नाहीं, असा नियम आहे. आपल्या ह्या फेरींत मात्र पवईहून आरेकडे जातांना एक नदी ओलांडावीच लागते. ती मिठी. विहार आणि पवई भरून वाहूं लागले कीं त्यांचें पाणी हिच्यांतून माहीमच्या खाडीकडे जातें. पावसाळ्यांत तलाव भरल्याची बातमी वर्तमानपत्रांत वाचून आपण आनंदित होतों. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां दोन्ही बाजूंनीं आंवळून टाकलेल्या ह्याच नदीनें शहराला आपलें पात्र कोठें होतें त्याची आठवण करून दिली. त्या पुलावर सायकल उभी करावी आणि कठड्यावरून खालीं पाहावें. पाण्याचा रंग पाहावा. आपण दिवसभर ज्या तलावांना वळसा घातला त्यांचें पाणी पुढें कोणत्या दशेला जातें, तें तेथें दिसतें. कांठावरची वाट मागण्यापूर्वीं हें पाणी निवळ करण्याचें काम आपल्या हातून घडावें. तें घडेल त्या दिवशीं मगरींनाहि आपली ये-जा अडचणीची वाटणार नाहीं.